पाणकावळ्याची गोधडी

चंद्रमती उसवायला लागली तेव्हा शांभवीला आधी वाटलं, आई दुरुस्ती करते आहे.

शांभवी पापनाशमच्या एका शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळच्या बसने ती तंजावूरला परत आली, राजवाड्यामागच्या गल्लीतून चालत घरी पोचली आणि दारातच थांबली. पुढच्या खोलीत खिडकीखाली चटई टाकून आई बसली होती. मांडीवर भिंतीवरून उतरवलेली बगळ्यांची गोधडी, हातात छोटी कात्री. एक पांढरा बगळा गोधडीतून सुटून तिच्या गुडघ्याशी पडला होता. दुसऱ्याचे पाय सुटत आले होते.

"काय झालं आई? दोरा कुजला का?"

"नाहीं गे," आई तिच्या जुन्या तंजावुरी मराठीत म्हणाली. "काढते अहे."

"मग परत लावणार?"

आईने वर पाहिलं. प्रश्न आपल्याला नव्हेच, असा तिचा चेहरा होता. मग तिने पुढच्या टाक्याखाली कात्रीचं टोक घातलं, दोरा अलगद तोडला आणि तो तुकडा चिमटीत धरून बाजूला ठेवला. सगळं इतकं व्यवस्थित चाललं होतं की शांभवी चप्पल काढून आत गेली आणि तिने कॉफीचं आधण ठेवलं.

रात्रीच्या जेवणापर्यंत बगळे संपले होते. पांढऱ्या तुकड्यांची एक चळत, हिरव्या तुकड्यांची दुसरी, आणि दोऱ्यांचा गुंडा वेगळा. आईच्या चेहऱ्यावर पूर्वी गोधडी पुरी झाल्यावर यायचं तसलं समाधान होतं. शांभवीला तेव्हा भीती वाटली.

चंद्रमतीच्या गोधड्या अंगावर घ्यायच्या नव्हत्या. शांभवीचे अप्पा सांबशिवराव गुरांचे डॉक्टर. त्यांची नोकरीची बरीच वर्षं ओरत्तनाडुला गेली. सरकारी घर वस्तीच्या टोकाला होतं आणि मागून कालवा वाहायचा. मुलं शाळेत गेली की चंद्रमती कालव्याच्या काठाने चालत सुटायची. केवड्याची बेटं, जलपर्णीचे तरंगते पुंजके, भाताच्या रोपांवर स्थिरावलेले चतुर, बांधावरची ताडाची झाडं. ती कागदावर काही काढायची नाही. घरी येऊन जुन्या साड्यांचा ढीग उपसायची आणि सरळ कापड कापायला घ्यायची. धुवून धुवून विटलेली सुती साडी पाण्यासाठी. अप्पांचे फिकट निळे सदरे आभाळासाठी. आतल्या थरांना अप्पांची वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर, जी ते अगदी विरून जाईपर्यंत नेसायचे. मग वरून सगळीकडे बारीक धावदोरा. पाण्यावर तो लांब, आडवा, सावकाश जायचा. वाऱ्यात वाकलेल्या भातावर तिरका. चिखल असेल तिथे एवढा दाट की कापड हाताला खरखरीत लागायचं.

त्यातली पाणकावळ्याची गोधडी सगळ्यांत चांगली, असं घरातला प्रत्येकजण म्हणायचा. कालव्यात पडलेली करंजाची वाळकी फांदी, तिच्यावर पंख पसरून वाळवत बसलेला काळा पाणकावळा, खाली गढूळ हिरवं पाणी आणि वर पाऊस येण्याआधीचा तो पिवळट उजेड. निवृत्त होऊन तंजावूरला आल्यावर अप्पा रोज सकाळी पेपर वाचायला तिच्यासमोरच बसत. ते वारल्यावरही खुर्ची तिथेच राहिली.

आईचा आजार सुरू झाला तो तमिळपासून. गल्लीच्या टोकाच्या भाजीवालीशी इतकी वर्षं तमिळमध्ये घासाघीस केलेली बाई एक दिवस तिच्यापुढे उभी राहून "वांगी, वांगी" म्हणत राहिली. भाजीवाली आधी हसली, मग तिने हाताला धरून आईला घरी आणून सोडलं. पुढच्या काही महिन्यांत तमिळ सगळी गेली. राहिली ती पिढ्यांपूर्वी तंजावूरला आलेल्या त्यांच्या घरातली मराठी, आणि तीही आईच्या आजीच्या वेळची, जिच्यातले कितीतरी शब्द शांभवीने फक्त लहानपणी ऐकले होते. डॉक्टरांनी मेंदूची चित्रं उजेडावर धरून दाखवली. औषधं दिली. औषधांनी बरं होणार नाही, हेही नीट सांगितलं.

शांभवीला मराठी समजायची सगळी, पण बोलताना तिच्या प्रत्येक वाक्यात अर्धी तमिळ यायची. आता तसं बोललं की आई गोंधळायची. म्हणून पंचेचाळिशी ओलांडलेली शांभवी शब्द शोधत, चाचपडत, आपल्याच आईशी मराठी बोलायला शिकली. दिवसा आईजवळ राहायला मलरकोडि नावाची बाई येई. तिला मराठीचा गंध नव्हता. शांभवीने तिला पाणी, जेव, बस, नको, दुखतं असे शब्द पाठ करून दिले. मलर ते भिंतीकडे बघत पुटपुटायची आणि आईपुढे गेली की विसरायची. पण आईला ती आवडायची. तिच्या वेणीतल्या कनकांबराच्या फुलांना आई उगीच हात लावून बघायची.

बगळ्यांनंतर आईने ताडांची गोधडी घेतली. शांभवीने कात्री लपवली. दुसऱ्या दिवशी घरी आली तर आई दाताने दोरा तोडत होती आणि नखांच्या कडांतून रक्त आलं होतं. मग शांभवीने उरलेल्या सगळ्या गोधड्या गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

तो आठवडा मलर पुढे कधी विसरली नाही. आई सकाळपासून घरभर फिरायची. भिंतींवर गोधड्यांच्या जागी राहिलेले फिकट चौकोन हाताने चाचपायची. कपाटाजवळ येऊन दार ओढायची, मग त्यावर तळहात आपटायची, मग डोकं. मलर मध्ये पडली तर तिला ढकलून दिलं. डॉक्टरांनी शांत राहायची गोळी वाढवली. गोळीने आई शांत झाली खरी, पण खुर्चीत एका बाजूला कलून, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. शांभवीने शाळेतून येऊन तिला तसं पाहिलं आणि तिथेच दाराशी बसली.

त्या संध्याकाळी तिने भावाला फोन केला. वरुणराव बंगळूरला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून ती त्याला अण्णा म्हणायची.

"गोधड्या घरात ठेवूच नकोस," वरुणराव म्हणाला. "चेन्नईला सौम्या म्हणून एक बाई आहेत, त्यांचं कलादालन आहे. मी त्यांना फोटो दाखवले होते. कधीपासून मागे लागल्यात. त्या प्रदर्शन करतील, नीट जपतील. मी घेऊन येतो त्यांना."

"आणि आई?"

"डोळ्यांसमोर नसल्या की विसरेल गे. सगळंच विसरते ना."

पुढच्या शनिवारी तो सौम्याला घेऊन आला. सौम्या चाळिशीची, हळू आवाजात बोलणारी बाई होती. तिने प्रत्येक गोधडी जमिनीवर पसरली, गुडघ्यांवर बसून टाके पाहिले. मग मऊ कापडात एकेक गुंडाळून ती बाहेरच्या गाडीत ठेवायला लागली. आई मागच्या खोलीत मलरजवळ होती. सगळं शांतपणे पार पडेल असं वाटत होतं.

सौम्या आणि वरुणराव शेवटची गुंडाळी उचलत असताना आई दारात आली. तिच्या अंगात गोळीची गुंगी होती, पाय नीट पडत नव्हते, तरी ती सरळ चालत आली आणि तिने गुंडाळीचं एक टोक दोन्ही हातांनी धरलं. वरच्या कापडातून पाणकावळ्याच्या पंखाचा काळा कोपरा दिसत होता.

"आई, सोड," वरुणराव म्हणाला. "नीट ठेवायला नेतो आहोत."

"हें माझें अहे," आई म्हणाली. मग त्याच्याकडे नीट बघून तिने अदबीने विचारलं, "तुम्ही कोण?"

वरुणरावाचा हात गुंडाळीवरच राहिला. सौम्याला मराठी कळत नव्हती, पण तिने आपलं टोक सोडून दिलं.

"ही राहू दे, अण्णा," शांभवी म्हणाली.

"सगळ्यांत चांगली हीच आहे, शांभू."

"माहीत आहे."

"ती उसवणार. महिन्याभरात चिंध्या होतील. तुला कळतंय का? आई गेल्यावर आपल्याजवळ हेच असणार आहे. दुसरं काय आहे?"

"आई अजून आहे."

"कुठे आहे?" तो एकदम ओरडला. "मला ओळखत नाही ती. कुठे आहे सांग ना!"

आईने दचकून गुंडाळी छातीशी घट्ट धरली. मलर तिला हळूहळू आत घेऊन गेली. वरुणराव जेवायला थांबला नाही. गाडी गल्लीतून वळली तेव्हा शांभवी तिण्णैवर, म्हणजे दारालगतच्या ओट्यावर, एकटीच उभी होती. भाऊ चुकीचं काही बोलला असं तिला वाटत नव्हतं. पण आत जाऊन तिने पर्समधून कात्री काढली, गोळीचा डोस पहिल्यासारखा केला आणि पाणकावळ्याची गोधडी आईच्या मांडीवर पसरून दिली.

आईने सुरुवात आभाळाच्या कोपऱ्यापासून केली. ती घाई करत नव्हती. कितीतरी वर्षांपूर्वी शिवलेला एकेक टाका ती शोधायची, त्याखाली कात्रीचं टोक सरकवायची, तोडायची आणि दोन्ही बाजूंनी दोरा ओढून काढायची. उसवता उसवता ती बोलायची. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी शांभवी तिच्याजवळ बसून ऐकायची.

"हा पाणकावळा गे. ऊन खात बसला अहे. याच्या पंखांना तेल नाहीं, म्हणून वाळवावे लागतात."

"तुला कोणी सांगितलं?"

"डॉक्टर सांगितले," आई म्हणाली. आपल्या नवऱ्याला ती चारचौघांत डॉक्टर म्हणायची. "बदकाला तेल असतें. यास नाहीं. बिचारा."

आणि पाणकावळा सुटून तिच्या हातात आला. काळं कापड, तळहातापेक्षा थोडं मोठं. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि काळ्या तुकड्यांच्या चळतीवर ठेवला.

वरचं सगळं निघाल्यावर आतले थर उघडे पडले. अप्पांची वेष्टी. तिच्या काठाजवळ धोब्याची काळ्या शाईची खूण अजून होती. ओरत्तनाडुच्या धोब्याने अप्पांच्या प्रत्येक कपड्यावर घातलेली, एक टिंब आणि दोन रेघा. आईचं बोट त्या खुणेवर थांबलं. तिने कापड नाकाशी नेलं. त्यात आता कसला वास असणार? पण ती ताठ बसली, पदर सारखा केला आणि मलरला मराठीत हाक मारून म्हणाली, "डॉक्टर आलेत. काप्पी ठेव."

मलरने शांभवीकडे पाहिलं. शांभवीने मान हलवली. मलरने दोन पेले कॉफी करून आणली, एक आईपुढे आणि एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. आई आपली कॉफी प्यायली. मधूनच समोर बघून हसली. गुरांना कसलासा रोग आला होता त्या वर्षाबद्दल काही विचारलं आणि उत्तराची वाट पाहत थांबली. थोड्या वेळाने तिचा चेहरा बदलला. खुर्चीवर कोणी नाही हे तिला दिसलं, की आपण कोणाशी बोलत होतो हेच गेलं, शांभवीला कधी कळलं नाही. आई तोंडातून आवाज न काढता रडली. मलरने थंड झालेला पेला उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ओतून टाकला.

गोधडी संपली. तुकड्यांच्या चळती भिंतीशी लागल्या आणि आईच्या हातांना काही राहिलं नाही. दोन दिवस ती नुसती बसली. मग नेसल्या साडीच्या काठातले धागे ओढायला लागली, मग पलंगावरच्या चादरीचे, मग आपल्याच हाताची सालं. कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे उठले. मलरने पट्ट्या बांधल्या, आईने त्याही सोडल्या.

शांभवीने वरुणरावाला फोन केला. एक तरी गोधडी परत दे म्हणाली.

"प्रदर्शन चालू आहे," तो म्हणाला. "लोक येतायत, शांभू. वर्तमानपत्रात फोटो आलाय. ताडांची ती अर्धी उसवलेलीसुद्धा सौम्यांनी लावलीय, लोक तिच्यासमोर उभे राहतात." मग आवाज खाली आणून, "आणि परत मागून घेतली तरी उसवायला कशी देऊ? तू सांग."

शांभवीने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, दूध तापवलं, आणि खिडकीखाली चटईवर बसून आईच्या चळतींमधले दोन तुकडे घेतले. एक हिरवा, एक मातकट. सुईत दोरा ओवायलाच तिला किती वेळ लागला. शाळेत असताना आईने तिला शिकवायचा प्रयत्न केला होता. शांभवी वाकडं शिवायची, आई न बोलता उसवायची आणि कापड परत तिच्या हातात द्यायची. असं एका दुपारी इतक्या वेळा झालं की शांभवीने सुई-दोऱ्यासकट कापड मागच्या कालव्यात फेकलं. आई रागावली नाही. तिने पुन्हा कधी बोलावलं नाही, एवढंच. तेव्हापासून सदऱ्याचं बटणसुद्धा शांभवी गल्लीतल्या शिंप्याकडून लावून आणायची.

आता तिने ते दोन तुकडे कसेबसे जोडले, तिसरा लावला, खाली वेष्टीचा थर घातला आणि वरून जमेल तसा धावदोरा घातला. बसची वेळ झाली तेव्हा हातरुमालाएवढं काहीतरी तयार झालं होतं. तिने ते आईच्या मांडीवर ठेवलं.

आईने ते उचलून डोळ्यांजवळ नेलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"कोणी शिवलें हें?"

"मी, आई."

"हें शिवण अहे? कोंबडी चालून गेली यावरून."

शांभवी हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. तोवर आईने कात्री घेतली होती. संध्याकाळी ती परतली तेव्हा तुकडे पुन्हा वेगळे होऊन चळतींत गेले होते, आणि मलरने सांगितलं, पाट्टीने, म्हणजे आजीने, आज हात ओरबाडले नाहीत, दोन घास जास्त जेवली.

मग हे रोजचं झालं. शांभवी पहाटे शिवायची, आई दिवसभर उसवायची. रविवारी दोघी एकाच चटईवर असायच्या, एक या बाजूला शिवत, दुसरी त्या बाजूला उसवत. अशाच एका रविवारी आई उसवता उसवता थांबली. तिने शांभवीचा हात धरला, सुई बोटांत कशी धरायची ते बोटं वळवून दाखवलं. अंगठा कुठे, खालचा हात कुठे.

"सुई ओढूं नये. कापड सुईवर घालावें," ती म्हणाली. "दोरा ताणलास तर पाणी आखडतें. पाण्यावर ढिला सोड."

"असा?"

"हं. असा." तिने बोटाने टाके मोजल्यासारखे केले. "शांभू कुठें अहे? तिला दाखव. ती येत नाहीं माझ्याकडे."

शांभवीने सुई खाली ठेवली. "येईल, आई," ती म्हणाली, "सांगते तिला."

हाताला वळण लागत गेलं. टाके सरळ आले, मग बारीक आले. शाळेत मोकळ्या तासाला शांभवीची नजर खिडकीबाहेर जाऊ लागली. पापनाशमच्या बाजूला रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातच भात. कापणीनंतर तिथे पाणी साचलेलं असताना खुंटांमधून चालणाऱ्या टिटव्या तिने आयुष्यभर पाहिल्या होत्या. आता त्यांच्या पायांचा पिवळा रंग कोणत्या साडीत मिळेल ते ती बघत असे. एकदा तिने खरंच टिटवी केली. लहानशी, पाठमोरी, मागे वळून बघणारी. बसमध्ये बसल्यावर तिला वाटलं, ही आईला द्यायला नको होती, ठेवायला हवी होती. संध्याकाळी घरी येईपर्यंत ते पिवळे पाय दोऱ्यांच्या गुंड्यात गेले होते.

पण दर वेळी उसवताना कापडाच्या कडा सुटत. दर वेळी शिवताना त्या थोड्या आत दुमडाव्या लागत. तुकडे लहान होत गेले. पाणकावळ्याचा काळा तुकडा आधी अंगठ्याएवढा झाला, मग त्याचे धागेच उरले. पिवळा उजेड, गढूळ हिरवं पाणी, सगळं विरत गेलं. शांभवीने स्वतःच्या साड्या फाडायला घेतल्या.

दिवाळीनंतर आईची बोटं मंदावली. टाक्याखाली कात्रीचं टोक जाईना. कात्री निसटून मांडीवर पडायची आणि आई ती पडलेली बघत राहायची. शांभवीचे टाके आता इतके बारीक आणि घट्ट होते की आईला ते सुटेनात. एका संध्याकाळी मलर म्हणाली, "अक्का, आज पाट्टीला एकही निघाला नाही. नुसती बोटं फिरवत बसली, मग रडली."

त्यानंतर शांभवी मुद्दाम वाईट शिवायला लागली. लांब, सैल, वाकडे टाके, गाठ न मारता सोडलेले दोरे. जे नीट जमायला तिला पाच-सहा महिने लागले होते, ते रोज पहाटे बसून बिघडवायचं. हातालाच ते पटायचं नाही, सुई आपोआप बारीक टाका घ्यायची आणि तो पुन्हा काढावा लागायचा. शेवटी शेवटी टोक धरून ओढलं की पूर्ण ओळ एकदम सुटून येईल असं ती शिवायची. आई टोक धरायची, ओढायची, दोरा सरसर निघायचा. कापड सुटलं की ती मलरकडे बघायची. मलर टाळ्या वाजवायची.

डिसेंबरात, तंजावूरच्या हिवाळी पावसात, आईला ताप आला आणि छातीत कफ झाला. रुग्णालयात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मुलाला बोलावून घ्या म्हणून सांगितलं. वरुणराव बंगळूरहून गाडी चालवत आला, दुपारी पोचला. गोधड्या नेल्या त्या दिवसानंतर भाऊ-बहीण समोरासमोर आले नव्हते. तो पलंगाशी स्टुलावर बसला.

आईचे डोळे मिटलेले होते. श्वासाचा आवाज येत होता. पण उजवा हात चादरीवर फिरत होता, अंगठा आणि तर्जनी काहीतरी शोधत होती. वरुणरावाने तो हात धरायला आपला हात पुढे केला, तर बोटं त्याच्या तळव्यावरून सरकली आणि सदऱ्याच्या बाहीवर गेली. बाहीच्या दुमडीवरची शिवण त्यांना सापडली. ती तिथेच थांबली आणि कोरायला लागली.

"काय करतेय?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"टाका शोधतेय."

मशीनची शिवण होती, निघण्यासारखी नव्हती. आईची बोटं पुन्हा पुन्हा घसरत होती. वरुणराव थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने डाव्या हाताने खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि एका किल्लीच्या टोकाने आपल्याच बाहीची शिवण तोडायला लागला. चांगला महागाचा सदरा होता. एक दोरा सुटला. तो ओढून लांब केला आणि त्याने आईच्या चिमटीत दिला. आईने ओढला. थोडासा निघाला. त्याने पुढचा तोडला. बाही सुटून लोंबायला लागेपर्यंत तो हेच करत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. वरुणरावाने पुढच्या खोलीत बसून विचारलं, "पाणकावळ्याची जी काही राहिली असेल ती दे. सौम्यांकडे सगळ्यांचे मोठे फोटो आहेत. त्यांच्या माहितीत कारागीर आहेत, तुकडे असले तर पुन्हा जोडून देतील."

शांभवीने आतून उशीचा एक जुना अभ्रा आणून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो चटईवर रिकामा केला. चिंध्या, धागे, दोऱ्यांचे गुंतवळे. त्याने एकेक उचलून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पाणकावळा कुठाय?"

"तो नाही आता, अण्णा."

त्याने मान हलवली. रागावला नाही. सगळं पुन्हा अभ्र्यात भरलं आणि म्हणाला, "सौम्या विचारत होत्या. मलरने त्यांना फोनवर सांगितलंय म्हणे, तू पण शिवतेस. आईसारखंच. त्यांना बघायचं आहे."

"बघायला काही नाही. सगळं उसवलेलं आहे."

"नवं कर. तुला येतं ना आता. पुढे चालेल तरी."

शांभवीने खरंच विचार केला. पहाटे अजून त्याच वेळेला जाग येत होती. पण कोणासाठी म्हणून सुई हातात घ्यायची हे तिला समजत नव्हतं. भिंतीवर लावायला, लोकांनी समोर उभं राहून बघायला, असं तिने एकही टाका घातला नव्हता.

"नाही अण्णा," ती म्हणाली. "नाही होणार माझ्याकडून."

तो त्याच दिवशी बंगळूरला निघाला. जाताना तिला जवळ घेतलं, असं त्यांच्यात पूर्वी कधी नव्हतं.

मलर शेवटची आली ती आपलं राहिलेलं सामान न्यायला. तिला ओरत्तनाडुच्या बाजूला दुसरं काम मिळालं होतं, एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे. शांभवीने तिला आईच्या दोन चांगल्या साड्या दिल्या. कोपऱ्यातल्या अभ्र्याकडे बघून मलर जरा घुटमळली.

"अक्का, याचं काय करणार?"

"काही नाही."

"माझ्या सुनेला दिवस गेलेत. बाळाची उशी भरायला नेऊ? बाजारातला कापूस गरम पडतो म्हणतात."

शांभवीने अभ्रा उचलून तिच्या हातात दिला. मलरने तो उघडला, आत हात घालून कोपरापर्यंत फिरवला आणि चेहरा उजळला.

"किती मऊ आहे, अक्का. खूप धुतलेलं आहे ना."

अभ्र्याचं तोंड बांधायला काही सापडेना. शांभवीने ते दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं आणि मलरने आपल्या पिशवीची नाडी काढून त्याला गाठ मारली.